आयपॉड सिंक होत नाही? आधी गाणी बाहेर काढा, केबलचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्याच एका ताईंच्या बाबांकडे ८० जीबीचा आयपॉड क्लासिक, म्हणजे ॲपलचा जुना म्युझिक प्लेअर, आहे. त्यात बाबांनी जमवलेलं शास्त्रीय संगीत आहे आणि त्यातलं बरंचसं घरच्या कॅसेटींवरून डेस्कटॉपवर उतरवून घेतलेलं. तो डेस्कटॉप बंद पडला. नवा विंडोजचा लॅपटॉप आला, त्यावर आयट्यून्स, म्हणजे गाणी सांभाळणारं आणि आयपॉडमध्ये भरणारं ॲपलचं सॉफ्टवेअर, टाकलं आणि तेव्हापासून रोज नवं नाटक. कधी आयपॉड नुसता चार्ज होतो, लॅपटॉपला दिसतच नाही. कधी दिसतो, तर ‘हा दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून सिंक करू का’ म्हणून विचारतो. हाताने चार नवी गाणी भरायला घेतली, तर मधेच अडकतो. जेल रोडवरच्या एका दुकानात दाखवला, तर ‘बोर्ड गया, नया ले लो’ असा निकाल मिळाला. ताईंनी विचारलंय: केबल बदलू, आयट्यून्स बदलू, की आयपॉडच बदलू?

ताई, बदलायचं काय ते मागाहून ठरवू. सध्या एकच पथ्य पाळा: त्या खिडकीतलं ‘इरेझ अँड सिंक’ हे बटण दाबू नका. शेजारचं ‘ट्रान्सफर पर्चेसेस’ दिसायला सोज्वळ आहे, पण ते फक्त आयट्यून्सच्या स्टोअरमधून विकत घेतलेली गाणी लॅपटॉपवर आणतं. बाबांनी कॅसेटवरून उतरवलेलं काहीही त्याच्या हिशेबात नाही. ‘कॅन्सल’ करा आणि आयपॉड काढून ठेवा. पुन्हा जोडाल तेव्हा कीबोर्डवरच्या शिफ्ट आणि कंट्रोल या दोन्ही कळा दाबून धरा आणि आयट्यून्समध्ये आयपॉडचं चित्र दिसेपर्यंत सोडू नका. त्याने आपोआप सुरू होणारं सिंक थांबतं. आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये डिव्हायसेस नावाचा भाग आहे, तिथे आपोआप सिंक न करण्याची खूणही करून टाका, म्हणजे दर वेळी बोटांची कसरत नको.

मी रामबागेत बसून हीच कामं करतो. जुने प्लेअर, टेप, बंद पडलेली कॉम्प्युटरं यांतून लोकांचं संगीत बाहेर काढून द्यायचं. त्यामुळे तुमचं वर्णन वाचताना मला त्यात तीन निरनिराळ्या तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या. ‘दिसत नाही’ ही जोडणीची तक्रार. ‘मधेच अडकतो’ ही बहुतेक वेळा डिस्कची किंवा अपुऱ्या करंटची. आणि ‘पुसू का विचारतो’ हा बिघाडच नाही, तो आयट्यून्सचा स्वभाव आहे. दुकानदाराने तिघींना मिळून ‘बोर्ड’ असं एकच नाव देऊन टाकलं. बोर्ड गेलेला आयपॉड सहसा धड सुरूही होत नाही, आणि तुमचे बाबा तर रोज सकाळी नेहरू पार्कात तोच कानाला लावून फिरतात असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा बोर्डाची काळजी तूर्त सोडा.

मला काळजी वेगळीच वाटते. ८० जीबीचा क्लासिक सप्टेंबर २००७ मध्ये आला आणि वर्षभरात त्याची जागा १२० जीबीच्या मॉडेलने घेतली. म्हणजे तुमच्याकडचा नग त्याच सुमाराचा. त्याच्या आत १.८ इंची, खरोखर गरगर फिरणारी हार्ड डिस्क आहे. बाबांचा सगळा ठेवा आज त्या एका जुन्या चकतीवर उभा आहे. म्हणून माझा क्रम असा असतो: आधी गाणी दुसरीकडे सुखरूप, मग जोडणी, मग सॉफ्टवेअर, आणि सिंक सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलट्या टोकाने सुरुवात करतात.

सिंक म्हणजे नेमकं काय, हे एकदा नीट बसलं की त्या धमकीवजा प्रश्नाचं कोडं सुटतं. सिंक म्हणजे गाण्यांची ये-जा नव्हे. ती एकेरी वाट आहे, कॉम्प्युटरकडून आयपॉडकडे. कॉम्प्युटरवरची लायब्ररी ही मूळ वही आणि आयपॉडवर असते ती तिची नक्कल. वहीत भर घातली की नकलेत भर पडते, वहीतून खोडलं की नकलेतूनही खोडलं जातं. आणि मूळ वही कोरी असेल तर? तुमच्या नव्या लॅपटॉपवरची लायब्ररी कोरीच आहे. आयट्यून्स इमानदारीत तुम्हाला विचारतंय की ही नक्कलही कोरी करू का. प्रत्येक लायब्ररीला आतून स्वतःची एक ओळख असते आणि आयपॉड त्यातली एकच लक्षात ठेवतो. दुसरी ओळख समोर आली की तो अडतो, आणि अडतो हे आपलं नशीब.

यातून पहिला उपाय आपोआप निघतो, आणि तो आयपॉडला हात लावायच्याही आधीचा आहे. जुना डेस्कटॉप कुठे आहे? भंगारात दिला नसेल अशी आशा करतो. डेस्कटॉप बंद पडला म्हणजे त्यातली हार्ड डिस्कही गेली, असं मुळीच नाही. माझ्याकडे ‘कॉम्प्युटर मेला’ म्हणून येणाऱ्या डब्यांत बऱ्याचदा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, उडालेला असतो नाहीतर रॅम सैल झालेली असते. डिस्क आत ठणठणीत बसलेली असते. ती काढून साटा टू यूएसबी अडाप्टरने लॅपटॉपला जोडता येते. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये असे अडाप्टर मिळतील. फक्त डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही, तेव्हा वेगळा पॉवर प्लग असलेलाच अडाप्टर मागा.

डिस्क उघडली की बाबांच्या यूजर फोल्डरमध्ये म्युझिक आणि त्यात आयट्यून्स नावाचं फोल्डर शोधा. डेस्कटॉपवर विंडोज एक्सपी असेल तर हेच ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’च्या आत, ‘माय म्युझिक’मध्ये सापडेल. ते अख्खं फोल्डर उचलून लॅपटॉपवर ठेवा, त्यातलं काहीही निवडत बसू नका. मग शिफ्टची कळ दाबून धरून आयट्यून्स उघडा. ते विचारेल, लायब्ररी निवडायची की नवी करायची? तुम्ही आणलेल्या फोल्डरमधली जुनी लायब्ररी दाखवा. आता गंमत बघा. लायब्ररीची ओळख तीच असल्यामुळे आयपॉड जोडल्यावर तो पुसण्याची भाषा करत नाही, घरच्या माणसाला ओळखावं तसा ओळखतो. प्लेलिस्ट, कुठलं गाणं किती वेळा ऐकलं तो हिशेब, दिलेले तारे, सगळं जागेवर. ज्या घरात जुनी डिस्क हाताला लागते तिथे मी बाकीच्या उपायांच्या वाटेलाच जात नाही.

एक अडचण मात्र येऊ शकते. आयट्यून्समध्ये काही गाण्यांच्या डावीकडे राखाडी उद्गारचिन्ह दिसेल. त्याचा अर्थ, गाण्याची नोंद आहे पण फाइल सांगितलेल्या पत्त्यावर नाही. बाबांनी कॅसेटींचं रेकॉर्डिंग डी ड्राइव्हवर ठेवलं असेल तर असं होणारच, कारण ती फाइल आयट्यून्सच्या फोल्डरमध्ये कधी आलीच नव्हती, लायब्ररीत फक्त तिचा पत्ता होता. अशा वेळी त्या फाइली एका बाहेरच्या डिस्कवर त्याच नावाच्या फोल्डरमध्ये घालायच्या आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून त्या डिस्कला डी हेच अक्षर द्यायचं. अक्षर आधीच कुणी बळकावलं असेल तर मोकळं करून घ्यायचं. एकेका गाण्याला पत्ता शोधून देण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं. मात्र हे आधी केल्याशिवाय सिंक करू नका. उद्गारचिन्ह असलेल्या गाण्यांची फाइल सापडत नसताना सिंक केलं की ‘आयपॉडवरची अर्धी गाणी गेली’ ही तक्रार घेऊन लोक येतात, त्यामागे बहुधा हेच असतं.

आता समजा डेस्कटॉप भंगारात गेला किंवा डिस्क खरोखरच मेली. मग आयपॉडमधूनच गाणी काढायची. ॲपलने ही वाट मुद्दाम अडचणीची ठेवली आहे, बंद केलेली नाही. आयपॉडवर मेन्यू आणि मधलं बटण दोन्ही एकदम दाबून धरा, पडदा काळा होऊन सफरचंद दिसेपर्यंत. सफरचंद दिसताक्षणी बोटं हलवा आणि मधलं बटण व प्ले-पॉज दाबून धरा. पडद्यावर डिस्क मोड असं येईल. पहिल्यांदा जमत नाही, बोटं चुकतात, पुन्हा करा. या अवस्थेत आयपॉड म्हणजे नुसता पेन ड्राइव्ह. जोडला की ‘धिस पीसी’मध्ये एक नवं ड्राइव्ह दिसतं, साधारण ७४ जीबीचं. ८० का नाही म्हणून घाबरू नका. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, त्यातली ही तफावत.

ड्राइव्ह उघडल्यावर ते जवळजवळ रिकामं वाटेल. वरच्या व्ह्यू मेन्यूतून लपलेल्या फाइली दाखवायला सांगा, मग आयपॉड कंट्रोल नावाचं फोल्डर पुसटसं दिसेल. त्यात म्युझिक, त्यात एफ ००, एफ ०१ अशी ओळीने फोल्डरं, आणि त्यांत चार-चार अक्षरांच्या अर्थहीन नावांच्या फाइली. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा कुठल्या तरी बाराखडीतल्या चार अक्षरांखाली निजलेला असतो. बघून पोटात गोळा येतो खरा, पण नावं हरवलेली नाहीत. रागाचं, गायकाचं, अल्बमचं नाव फाइलच्या आत टॅगमध्ये लिहिलेलं असतं. अख्खं म्युझिक फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा. मग आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन दोन खुणा करा: मीडिया फोल्डर व्यवस्थित लावून ठेव आणि लायब्ररीत घेताना फाइलची प्रत फोल्डरमध्ये ठेव. त्यानंतर हे फोल्डर लायब्ररीत ओढून सोडलं की आयट्यून्स टॅग वाचून गायक-अल्बमप्रमाणे सगळं पुन्हा नावारूपाला आणतं. प्लेलिस्ट आणि तारे मात्र या वाटेने येत नाहीत. ते आयपॉडवरच्या एका वेगळ्या डेटाबेस फाइलमध्ये असतात, फाइलींच्या आत नाही. आणि कॅसेट उतरवताना बाबांनी टॅग भरलेच नसतील तर अशी गाणी एका ढिगात ‘ट्रॅक ०१’ म्हणून येऊन पडतील. तिथे बाबांना शेजारी बसवून ओळखायला लावणं, याला कुठलंही सॉफ्टवेअर पर्याय नाही.

या कॉपी करण्याच्या वेळीच विंडोज कधी म्हणेल, ‘ड्राइव्ह फॉरमॅट करायला हवं’. ‘फॉरमॅट’ दाबू नका, तेही पुसणंच आहे. मॅकवर, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरवर, रिस्टोअर (पुसून नव्याने तयार) केलेला आयपॉड वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट झालेला असतो आणि विंडोजला तो वाचता येत नाही. विंडोजवर रिस्टोअर केलेला एफएटी३२ असतो, तो दोन्हीकडे चालतो. बाबांचा आधी विंडोजवरच होता, त्यामुळे तुमच्याकडे हा निरोप आलाच तर अर्थ दुसरा: डिस्कची पानं खराब होऊ लागली आहेत. तिथे हात थांबवायचा आणि जाणकाराकडे द्यायचा.

गाणी दोन ठिकाणी पोहोचली? आता निवांतपणे जोडणीकडे वळू.

‘चार्ज होतो पण दिसत नाही’ याचा बहुतेक वेळा अर्थ असा, की केबलमधल्या विजेच्या तारा शाबूत आहेत आणि डेटाच्या तारांत खोट आहे. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन डेटाच्या. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त केबलींत डेटाच्या तारा केसासारख्या बारीक असतात, काहींत नसतातच. नवी केबल घेतली असेल, तरी केबलवरचा संशय सोडू नका. आयपॉडला लागणारी तीस पिनांची चांगली केबल आता शोधावीच लागते, आणि मला तर नव्या नकलेपेक्षा कुणाच्या घरातली जुनी मूळ केबल जास्त भरवशाची वाटते. नातेवाइकांत विचारा. जुना आयफोन किंवा आयपॅड कुणीतरी वापरलेला असतोच, आयफोन ४ एसपर्यंत तीच केबल होती.

केबल लावायच्या आधी आयपॉडच्या खालच्या खाचेत टॉर्च मारून बघा. खिशात राहणाऱ्या आयपॉडच्या खाचेत कापसासारखी रुई दाबून बसलेली असते. केबल लावताना तीच आत ठासली जाते आणि कडेच्या पिना टेकत नाहीत. आयपॉड बंद करून कोरड्या मऊ टूथब्रशने हळू झाडा, फार घट्ट असेल तर लाकडी टूथपिकने कडेकडेने सोडवा. सुई, पिन असलं धातूचं काही नको. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. निम्म्याहून अधिक ‘बोर्ड गया’ आयपॉड माझ्या टेबलावर एवढ्यानेच सुधारलेत, म्हणून हे इतकं विस्ताराने लिहितोय.

केबल थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा, हबमधून नको. डेस्कटॉप असता तर पुढच्या पोर्टऐवजी मागचा, मदरबोर्डवरचा पोर्ट सांगितला असता, कारण पुढच्या पोर्टपर्यंत कॅबिनेटमधून आणखी एक तार फिरून येते. तरी दिसत नसेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. आयपॉड तिथे असेल पण त्याला अक्षर मिळालेलं नसेल, किंवा ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर घेतलं असेल, तर तो ‘धिस पीसी’त दिसत नाही. राइट क्लिक करून एखादं मोकळं अक्षर द्या, काम झालं.

आता ‘मधेच अडकतो’ याकडे. इथे तुम्हाला थोडी हेरगिरी करावी लागेल आणि ती मला इथून करता येणार नाही. अडकतो तो दर वेळी त्याच गाण्यावर, की वेगवेगळ्या? वरच्या पट्टीत गाण्याचं नाव येतं, दोन-तीन वेळा लिहून ठेवा. त्याच गाण्यावर अडकत असेल तर ती फाइल बिघडलेली आहे. लायब्ररीतून काढा, पुन्हा उतरवून घ्या, बाकी गाडी पुढे जाते. गाणं बदलत असेल पण अडकायची जागा तीच, म्हणजे आयपॉड अमुक इतका भरला की दर वेळी तिथेच थांबतो, तर डिस्कवर त्या ठिकाणी खराब सेक्टर, म्हणजे निकामी झालेला तुकडा, असण्याची शक्यता दाट. आणि कधी सुरुवातीला, कधी शेवटी, कुठेही अडकत असेल तर केबल, करंट किंवा बॅटरी. डिस्क फिरायला सुरुवात करताना एकदम जास्त करंट ओढते. बॅटरी पार थकलेली असली की तेवढा भार एकट्या यूएसबीवर पडतो आणि आयपॉड झटका खाऊन सुटतो. म्हणून सिंकच्या आधी आयपॉड भिंतीवरच्या चार्जरने पूर्ण चार्ज करून घ्या. लॅपटॉपच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ असतं तेही बंद ठेवा, आणि सिंक चालू असताना झाकण मिटू नका.

डिस्कची तब्येत आयपॉड स्वतःच सांगतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. पुन्हा मेन्यू आणि मधलं बटण दाबून धरा, सफरचंद दिसलं की या वेळी मधलं बटण आणि मागचं गाणं लावायचं, डावीकडचं बटण. आयपॉड तपासणीच्या पडद्यावर जातो. तिथून मॅन्युअल टेस्ट, मग आयओ, मग हार्ड ड्राइव्ह, आणि त्यात स्मार्ट डेटा. दोन आकडे बघायचे: ‘रिअलॉक्स’ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदलून घेतलेल्या जागा, आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ म्हणजे संशयित जागा, ज्यांचा निकाल अजून लागायचाय. पेंडिंग शून्य असेल आणि रिअलॉक्स शून्य किंवा थोडे असतील तर डिस्क तरेल. आठवड्याने पुन्हा बघा, आकडा वाढला असेल तर तो कितीही लहान असो, मी त्या डिस्कवर विसंबत नाही. आकडे न बघताही कान सांगतो. सिंक सुरू करून आयपॉड कानाशी धरा. हलकी घुर्र अशी फिरती गुंजन ठीक. ‘टक्... टक्...’ आणि मग फिरणं थांबून पुन्हा सुरू, असं ऐकू आलं तर ती डिस्क निवृत्तीला आली. अशा डिस्कच्या जागी एसडी कार्ड बसवणारे अडाप्टर मिळतात, बॅटरीही त्याच वेळी बदलून घ्यावी. काम नाजूक आहे. क्लासिकचा पत्रा उघडताना वाकतोच, त्यामुळे ज्याने हे आधी केलंय त्याच्याच हातात द्या.

सॉफ्टवेअरचं मी शेवटी ठेवलं, कारण बहुतेकांना तिथेच खोदायची हौस असते. ॲपलने विंडोजसाठी आता आयट्यून्सची कामं वाटून दिली आहेत: गाण्यांसाठी ॲपल म्युझिक, आयफोन-आयपॉड जोडायला ॲपल डिव्हायसेस. ही नवी जोडी टाकली की आयट्यून्सकडे फक्त पॉडकास्ट आणि ऑडिओबुक उरतात. तुमच्या लॅपटॉपवर तिन्ही असतील तर कोण काय करतंय हेच कळेनासं होतं. एका म्यानात दोन तलवारी. जुन्या क्लासिकसाठी मी अजून एकटं आयट्यून्स ठेवतो, आणि तेही ॲपलच्या साइटवरून उतरवलेलं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या आवृत्तीशी जुने आयपॉड माझ्या अनुभवात जास्त भांडतात. पण हे माझं मत. तुमच्याकडे नवी जोडी नीट चालत असेल तर उगाच उकरू नका. मॅक असता तर गोष्ट निराळी. तिथे २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून आयट्यून्स नाहीच, आयपॉड थेट फाइंडरच्या, म्हणजे फाइली बघायच्या खिडकीच्या, डाव्या पट्टीत दिसतो.

आणखी एक, कारण हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. ॲपल म्युझिकच्या मासिक वर्गणीतून डाउनलोड केलेली गाणी आयपॉड क्लासिकवर जात नाहीत, कितीही डोकं फोडा. ती भाड्याची गाणी आहेत, आणि भाडं चालू आहे की नाही हे तपासायला क्लासिककडे इंटरनेट नाही. जिओसावन, स्पॉटिफाय यांचंही तेच. सीडीवरून, कॅसेटवरून घेतलेली किंवा विकत घेतलेलीच गाणी जातील. एफएलएसी, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेल्या, फाइलीही आयपॉड घेत नाही, त्या आधी ॲपल लॉसलेस या ॲपलच्या तशाच प्रकारात बदलून घ्याव्या लागतात.

हे वाचणाऱ्यांत ज्यांच्याकडे आयपॉड नाही, साधा एमपीथ्री प्लेअर आहे, त्यांच्यासाठी थोडं. तिथे सिंकची भानगड नसते, फाइली ओढून टाकायच्या. काही प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड असतो, एमटीपी किंवा एमएससी. एका मोडमध्ये भरलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये जोडल्यावर कॉम्प्युटरला दिसत नाहीत आणि लोक ‘गायब झाली’ म्हणून पुन्हा भरतात. एक मोड धरा आणि त्यालाच चिकटून राहा. दुसरी गोम दोन जीबीच्या छोट्या प्लेअरची. जागा भरपूर असते, तरी ‘जागा नाही’ म्हणतो. हे बहुधा एफएटी१६ पद्धतीने फॉरमॅट झालेले असतात आणि त्यात सगळ्यात वरच्या पातळीवर फक्त ५१२ नोंदी मावतात. लांब नावाला दर १३ अक्षरांमागे एक जास्तीची नोंद लागते, आणि देवनागरीत काना-मात्राही स्वतंत्र अक्षर म्हणून मोजले जातात. चाळीस अक्षरांचं नाव पाच नोंदी खातं, म्हणजे शंभर गाण्यांतच खेळ खल्लास. एक फोल्डर करून सगळी गाणी त्यात टाका, फोल्डरच्या आत ही मर्यादा नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ होती, बहुतेक सहज लिहिलेली: ‘बाबा म्हणतात विलंबितानंतर लगेच द्रुत येत नाही, मधेच दुसरं काहीतरी वाजतं.’ तीही सोडवून टाकू. कॅसेटची एकेक बाजू तोडून फाइली केल्या की त्यांना ट्रॅक क्रमांक नसतो, आणि क्रमांक नसला की आयपॉड नावाच्या अक्षरक्रमाने वाजवतो. मग अतिविलंबित झूमऱ्यानंतर द्रुत तीनताल यायच्या ऐवजी मधे भलतंच घुसतं. लायब्ररीत त्या सगळ्या फाइली एकदम निवडा, राइट क्लिक करून गेट इन्फो उघडा आणि अल्बमचं नाव सगळ्यांना अक्षरशः एकच द्या. शेवटी चुकून पडलेली एक मोकळी जागाही त्याला दुसरा अल्बम वाटते. मग एकेक उघडून ट्रॅक क्रमांक भरा. मैफल दोन कॅसेटींची असेल तर डिस्क क्रमांकही भरा. आणि एकच राग दोन फाइलींत तुटलेला असेल, तर मधली क्षणभराची शांतता काढायला वेगळं काही करावं लागत नाही: न तुटता वाजवण्याची सोय आयट्यून्स ७ बरोबर २००६ मध्ये आली, क्लासिकमध्ये ती आहेच. फक्त फाइलीच्या शेवटी कॅसेटचीच कोरी खरखर उरली असेल, तर गेट इन्फोतल्या ऑप्शन्समध्ये स्टॉपची वेळ देऊन ती कापा. मूळ फाइलला धक्का लागत नाही, आणि पुढच्या सिंकमध्ये हा बदल आयपॉडवर जातो.